चाचणीला माझा विरोध होता

मुलाच्या विकासाची चाचणी करायला मी चक्क नकार दिला होता. जन्मतःच त्याच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मुख्य रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली. पहिल्याच आठवड्यात ‘आर्टेरियल स्विच’ करून डॉक्टरांनी त्या योग्य जागी जोडल्या. पुढे दर वेळी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, चांगला. मग बुद्धीच्या, भाषेच्या चाचण्या कशाला? एवढंसं पोर, इतकं सोसलेलं; त्याच्या कपाळी आणखी शिक्का नको, असं माझं म्हणणं. आत एक भीतीही होती. काही कमी निघालं, तर ऑपरेशनमध्ये बिघडलं किंवा आम्ही नीट वाढवलं नाही, असाच अर्थ लागणार.

या भीतीचा पायाच निघून गेला, तेव्हा मत बदललं. गर्भात नाळेतून येणारं ऑक्सिजनयुक्त रक्त एरवी हृदयाच्या डाव्या बाजूला जाऊन मेंदूकडे वळतं. अदलाबदल झालेल्या हृदयात ते बरंचसं शरीराच्या खालच्या भागाकडे निघून जातं आणि मेंदूच्या वाट्याला कमी ऑक्सिजन येतो. पूर्ण दिवसांच्या अशा बाळांचा मेंदू ऑपरेशनआधीच सुमारे महिनाभर मागे असल्याचं एमआरआयमध्ये दिसलेलं आहे. यात दोष कोणाला द्यायचा?

बॉस्टनमध्ये १९८८ ते १९९२ दरम्यान हेच ऑपरेशन झालेली १७१ बाळं एका अभ्यासात घेतली. ऑपरेशन चालू असताना रक्ताभिसरण पूर्ण थांबवावं की यंत्राने मंद चालू ठेवावं, हा प्रश्न होता. पहिल्या वर्षी दोन गटांत फरक दिसला. सोळाव्या वर्षी तो फारसा उरला नव्हता. पण तोवर दोन्ही गट मिळून सुमारे ६५ टक्के मुलांना अभ्यासात किंवा वागण्यात वेगळी मदत घ्यावी लागली होती.

हे कळल्यावर मुलाची गणिताची वही मी नव्याने पाहिली. पाढे पाठ, हातचा कळतो. पण शतकाचा आकडा दशकाखाली उतरतो आणि बेरीज चुकते. बाईंचा शेरा : ‘लक्ष दे.’ चौकड्यांची वही आणि पानावर दोनच गणितं दिली, की तीच बेरीज बरोबर. आळशी, धांदरट हेही शिक्केच होते. फक्त ते चाचणीशिवाय बसत होते.

म्हणून आता मी उलट्या बाजूची आहे. अशा प्रत्येक मुलाला अडचण येतेच असं नाही, पण तक्रारीची वाट न पाहता ठरावीक वयांत तपासावं. आपल्याकडे २०१३पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हृदयदोष आणि विकासातला विलंब एकाच यादीत आहेत. त्यासाठी जिल्हा पातळीवर केंद्रंही आहेत. डिस्चार्ज कार्डावर पुढच्या इकोच्या तारखेखाली या तपासणीचीही तारीख पडायला हवी.

शिक्क्याची धास्ती मात्र मी सोडलेली नाही. मुलाच्या चाचणीचा अहवाल बाईंना दाखवते, कारण वर्गात त्याचा उपयोग आहे. पाहुण्यांपुढे, मुलाच्या देखत, त्यावर चर्चा होऊ देत नाही.