पेटीमागचं नाव

देवगड तालुक्यातल्या बहुतेक बागायतदारांसारखा आमचाही आंबा वर्षानुवर्षं वाशीला जायचा. संध्याकाळी ट्रक भरायचा आणि काही दिवसांनी दलालाकडून पट्टी यायची. दलाली, हमाली, भाडं वजा जाता खाली जो आकडा उरेल तो आपला. आपला आंबा कुणाच्या घरी गेला, त्यांना कसा लागला, हे माझ्या सासऱ्यांना उभ्या आयुष्यात कधी कळलं नाही. देवगडचं नाव छापलेल्या खोक्यातून परराज्यातला आंबा विकला जातो, हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. ऑक्टोबर 2018 मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या फळाचाच त्या नावावर हक्क आहे, हे कागदोपत्री पक्कं झालं. पण गिऱ्हाईक कागद बघून आंबा घेत नाही, माणूस बघून घेतं.

तो माणूस गिऱ्हाइकाला दिसला तो 2020 च्या टाळेबंदीत. झाडावर फळ तयार आणि वाशीचा बाजार कधी चालू, कधी बंद. माझ्या नणंदेने पुण्यातल्या तिच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप टाकला. तिच्या बिल्डिंगमधून ऑर्डर आल्या, मग शेजारच्या, मग त्यांच्या पाहुण्यांच्या. परवाना काढून गाडी गेली आणि पेट्या गेटवर उतरल्या. हंगाम संपला तेव्हा माझ्या फोनमध्ये नावानिशी गिऱ्हाइकं होती. त्या वर्षाची खरी कमाई मी तीच मानते.

पुढच्या हंगामापासून हे काम मी अंगावर घेतलं. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर दर आणि आकार लावले, फेसबुकवर पान उघडलं, नंतर इन्स्टाग्राम. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 नंबर बसतात आणि समोरच्याने आपला नंबर सेव्ह केलेला असेल तरच निरोप पोचतो. म्हणून प्रत्येक पेटीत मी चिठ्ठी घालते : आमचा नंबर नाव लिहून ठेवा. फेसबुकवर पैसे भरून जाहिरात केली की पसंतीचे अंगठे वाढतात. पेटीची ऑर्डर बहुतेक वेळा जुन्या गिऱ्हाइकाच्या ओळखीतूनच येते.

सासरे सुरुवातीला म्हणाले, "आंबो खावचो असता गो, बघूचो नाय." त्यांचं म्हणणं मला पटतं, म्हणूनच मी सजवलेल्या ताटातल्या फोडींचे फोटो टाकत नाही. डिसेंबर-जानेवारीत मोहोर दाखवते. तुडतुडे पडले, अवकाळी पाऊस झाला, तर तेही सांगते. चौदा आणे तयार झालेलं फळ घळीने देठासकट कसं उतरवायचं, देठ तुटून चीक सालीवर ओघळला की डाग कसा पडतो, भाताच्या पेंढ्यात आढी कशी लावतात, हे सासऱ्यांच्याच हातांचं चित्रण असतं. आता आढी लावायच्या आधी तेच मला हाक मारतात.

सगळ्यात जास्त लोकांनी पाहिलेला आमचा व्हिडिओ साक्याचा आहे. वरून केशरी, टवटवीत दिसणारं फळ कापलं की आत कधीकधी पांढुरका, आंबट, स्पंजासारखा गर निघतो. साका बाहेरून ओळखता येत नाही, चांगल्या बागेतही होतो. मी फळ कॅमेऱ्यासमोर कापलं, साका दाखवला आणि सांगितलं की असं निघालं तर फोटो पाठवा, पुढच्या पेटीत भरपाई मिळेल. घरात काहींना वाटलं, आपणच आपल्या मालाची बदनामी करतोय. त्यानंतर फोटो आले, भरपाई दिली आणि तीच गिऱ्हाइकं दरवर्षी पहिली पेटी मागतात. वाशीच्या पट्टीत ही सोय नव्हती. तिथे तक्रार आमच्यापर्यंत पोचतच नसे.

या माध्यमाची दुसरी बाजूही मी सोसली आहे. एका हंगामात आमच्याच बागेचे फोटो उचलून कुणीतरी दुसऱ्या नावाने पान उघडलं, निम्म्या दरात 'देवगड हापूस' देतो म्हणून आगाऊ पैसे घेतले आणि पान बंद करून टाकलं. फसलेल्यांपैकी काहींनी फोटो ओळखून मला फोन केला. त्यांचा रडवेला आवाज अजून कानात आहे. तेव्हापासून मी प्रत्येक ऑर्डरीला त्या दिवशीच्या काढणीचा छोटा व्हिडिओ पाठवते, तारीख बोलून. 2025 च्या हंगामापासून देवगडच्या आंबा उत्पादक संस्थेने फळावर स्वतंत्र क्रमांकाचं स्टिकर लावायला सुरुवात केली. त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून फळाची खातरजमा करता येते. हे फार आधी व्हायला हवं होतं.

तुम्ही आंबा फोनवरून मागवणार असाल तर विकणाऱ्याला गाव विचारा, आजचा बागेतला व्हिडिओ मागा, मानांकनाचा नोंदणी क्रमांक मागा. खरा बागायतदार आनंदाने देईल. एप्रिलमध्ये उगवलेल्या अनोळखी पानावर आगाऊ पैसे भरू नका. भरून फसलात तर लाजू नका, लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा. आणि आंबा आवडला किंवा बिघडलेला निघाला, तरी ज्याच्या बागेतून आला त्याला दोन ओळी जरूर लिहा.