मी दर्यावर्दी होतो

चाळिशी उलटली की माणसाला दोन गोष्टी लागतात : चष्मा आणि खूळ. माझा चष्मा जवळचा आणि खूळ लांबचं, समुद्राचं. आता आमच्या माजरीत समुद्र नाही. कोळशाची खाण आहे, रेल्वेचं जंक्शन आहे, बँक आहे. पण या तिन्ही ठिकाणी होडी चालत नाही. उरली वर्धा नदी.

खूळ लागलं ते पॉलिनेशियन लोकांबद्दल वाचून. ही मंडळी शेकडो वर्षांपूर्वी दोन होड्या शेजारी शेजारी जोडून, वर शीड उभारून पॅसिफिकमधली बेटं शोधत गेली. होकायंत्र नाही, नकाशा नाही. तारा कुठे उगवतो, लाट कुठल्या अंगाने येते, पाखरं संध्याकाळी कुठे परततात, एवढंच भांडवल! ज्यांना ही थाप वाटत होती, त्यांचं तोंड १९७६ साली बंद झालं. 'होकुलेआ' नावाची तशीच जोडहोडी हवाईहून ताहितीला, सुमारे चार हजार किलोमीटर, यंत्राशिवाय पोचली. वाट दाखवणारे माऊ पियाइलुग मात्र मायक्रोनेशियातल्या सातावाल बेटावरचे. आमच्या भाषेत, डेप्युटेशनवर आलेले.

आपले कमांडर दिलीप दोंदेही २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. मग एका बी. कॉम. कारकुनाने वर्धा ओलांडायला काय हरकत?

"अहो, तुम्ही कोथिंबीर आणायला गेलात तरी मेथी घेऊन येता," सौभाग्यवती म्हणाल्या. मी दुर्लक्ष केलं. रात्री तारे ओळखायला गच्चीवर गेलो. कोळशाच्या धुळीतून एकच तारा दिसला; तोही हलायला लागला. विमान होतं.

शेवटी होकायंत्र, शिट्टी आणि लाइफ जॅकेट घेऊन मी नदीवरच्या म्हाताऱ्या ढिवरकाकांच्या डोंग्यात बसलो.

"हे काय हाय सायेब?"

"होकायंत्र. उत्तर दिशा दाखवतं."

"उत्तर मले मालूम हाय. रेती कुठी हाय, ते दाखवते का?"

मी होकायंत्र खिशात घातलं. काका बांबू टेकत, नुसतं पाण्याकडे बघत चालले होते. जिथे पाणी बारीक थरथरत होतं, तिथून डोंगा अलगद बाजूला जाई. खाली रेती!

"काका, हे कोणाला शिकवलंत?"

"कोनाले शिकवू? पोरगा ट्रकवर, नातू मोबाइलवर."

मला एकदम माऊ आठवले. त्यांच्याही बेटावरची पोरं शिकेनात. विद्या बुडू नये म्हणून त्यांनी ती परक्यांना शिकवली. मी घसा खाकरून म्हटलं, "मला शिकवा."

काकांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "पोहता येते?"

"नाही."

"मंग पयले पानी उपसा." आणि हातात डबा दिला.

गेले सहा रविवार मी डोंग्यातलं पाणी उपसतोय. बँकेत बावीस वर्षांत बढती नाही. इथे परवा मिळाली. काकांनी बांबू हातात दिला आणि मी डोंगा थेट रेतीवर चढवला.

काका रागावले नाहीत. म्हणाले, "आता ध्यानात राहीन."