साखळीचे दिवस भरले काय?

संगणकशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास शिकविली जाणारी ‘लिंक्ड लिस्ट’ आतां निरुपयोगी झाली, असा निकाल आमच्या तरुण स्नेह्यांत हल्लीं सर्रास दिला जातो. जिच्यावर आम्हीं उमेदीचीं वर्षें खर्च केलीं, तिला अशी परस्पर मूठमाती मिळालेली पाहून आमचें मन अस्वस्थ होतें, हें कबूल. परंतु ममता हा कांहीं पुरावा नव्हे. फिर्यादीची बाजू आधीं ऐकलीच पाहिजे.

ॲरे म्हणजे चाळींतील ओळीनें लागलेल्या खोल्या. लिंक्ड लिस्ट म्हणजे गांवभर विखुरलेलीं घरें, आणि प्रत्येक दारावर केवळ पुढच्या घराचा पत्ता. १९५५-५६ सालीं नेवेल, शॉ व सायमन यांनीं ही युक्ति काढली, तेव्हां मेमरी फार तुटपुंजी होती. आज प्रोसेसर इतका चपळ झाला आहे कीं मेमरींतून एखादा जिन्नस येईपर्यंत त्यास शेंकडों ठोके खोळंबून बसावें लागतें. म्हणून तो एक मागतांना शेजारचेंही, बहुधा ६४ बाइट, एकदम उचलून आपल्या कॅशमध्यें ठेवतो. चाळींत हा बेत फळास येतो. विखुरलेल्या घरांत दर वेळीं नवी पायपीट! ‘मध्यें घालणें स्वस्त’ हा जो गुण आम्हीं पाठ केला होता, तोही जागा शोधण्याच्या ह्या पायपिटींत बुडतो. सी प्लस प्लस भाषेचे जनक स्ट्रूस्ट्रुप सलग व्हेक्टरचाच पक्ष घेतात तो उगाच नव्हे. नुसती यादी ठेवावयाची असेल तर साखळी नको, हें आम्हांस मान्य आहे.

पण जागा आधींच हातांत असली म्हणजे? लिनक्सच्या कर्नलमध्यें कडी नोंदीच्याच पोटांत बसविलेली असते. एकच प्रोसेस सर्वांच्या साखळींतही असते आणि आपल्या भावंडांच्या साखळींतही; तिला काढावयाचें तर शेजारचे दोन पत्ते बदलले कीं झालें, नोंद जागची हलत नाहीं. फार दिवस न वापरलेलें आधीं टाकून देणाऱ्या साठ्यांतही हीच सोय. जिन्नस हॅश टेबलानें सांपडतो. वापरतांच तो साखळीच्या तोंडाशीं आणतात. ॲरेंत हें करावयाचें तर मधल्या सर्वांस सरकवावें लागेल.

आमचा पुतण्या साखळीची सर्वांत अधिक थट्टा करतो. आपलें सारें काम मात्र तो रोज २००५ सालच्या ‘गिट’मध्यें ठेवतो. तेथील प्रत्येक नव्या नोंदींत आधींच्या नोंदीची खूण लिहिलेली असते, आणि कालचें काम बिघडलें म्हणजे तो त्याच खुणांवरून एक एक पाऊल मागें जातो.