बेलिफकाकांचं देणं

नागपूरच्या महालात बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. बडकस चौकात कुणी शिंकलं, की गांधी गेटपाशी काढा उकळायला लागतो. नवऱ्याच्या वकिलाची नोटीस माझ्या माहेरच्या पत्त्यावर आली आणि घरात सल्लागारांची रीघ लागली. ‘निमूट नांदायला जा,’ असं कुणी म्हणालं. ‘खेच कोर्टात,’ असं कुणी. पण त्या नोटिशीचा अर्थ काय, हे एकालाही सांगता येईना.

तो सांगितला शेजारच्या वाड्यातल्या बेलिफकाकांनी. जिल्हा न्यायालयातली त्यांची सारी नोकरी लोकांच्या दारी समन्स पोचवण्यात गेली होती.

“काऊन भेऊन राहिली वं? कागद आहे तो, वाघ थोडीच आहे!” म्हणत त्यांनी चष्मा चढवला. वकिलाची नोटीस म्हणजे समोरच्याचं म्हणणं, कोर्टाचा हुकूम नव्हे. तिला वकिलामार्फत उत्तर द्यावं. समन्स मात्र टाळू नये. दार लावून बसलेली माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. कागद नाकारून खटला थांबत नाही; आपण गैरहजर राहतो आणि निकाल एकतर्फी लागतो.

काय कर, हे काकांनी एकदाही सांगितलं नाही. वाटा तेवढ्या दाखवल्या. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात क्रूरता, परित्याग अशी कारणं सिद्ध करून घटस्फोट मागता येतो. लग्न न मोडता न्यायालयाकडून विभक्त राहण्याची मुभा घेता येते. आणि १९७६पासून परस्परसंमतीची वाट आहे : किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं, दोघांनी मिळून अर्ज करावा, सहा महिन्यांनी पुन्हा दोघांनी होकार द्यावा. तोवर संमती मागे घेता येते. योग्य प्रकरणात ही सहा महिन्यांची मुदत न्यायालय माफ करू शकतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला.

आमचं लग्न पुण्यात झालं, संसारही तिथलाच. तरी २००३च्या दुरुस्तीमुळे पत्नीला ती राहते तिथल्या न्यायालयात अर्ज करता येतो, हेही त्यांच्याचकडून कळलं. पोटगीचं बोलणं निघालं तेव्हा त्यांनी आपल्या नागपूरच्याच कुटुंब न्यायालयातून दिल्लीपर्यंत गेलेल्या एका प्रकरणाचं कात्रण काढलं. ४ नोव्हेंबर २०२०च्या त्या निकालाने दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी शपथपत्रावर सांगणं देशभर बंधनकारक केलं. पोटगीही अर्जाच्या तारखेपासून धरायला सांगितली.

मी परस्परसंमतीची वाट धरली. पण मुलीचा ताबा, तिचा खर्च, माझं स्त्रीधन हे सगळं अटींमध्ये लिहून झाल्यावरच सही केली. ‘नंतर बघू’ या शब्दांवर सही करायची नाही, ही काकांची शिकवण.

काका आता नाहीत. त्यांनी कधी चहापलीकडे काही घेतलं नाही, म्हणून हे देणं पुढच्या बाईला फेडते आहे. बाई गं, नोटीस हातात पडली तर आधी माहिती घे, सल्ला मागाहून. पैसे नाहीत म्हणून मागे राहू नकोस. १९८७च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज कर.