पाणी घालायचं राहिलंय

अस्रची नमाज आटोपून आम्ही घरी आलो की चहाच्या वेळी एक वाक्य हमखास कानावर यायचं. "अब्बा, पाचच मिनिटं. पाणी घालायचं राहिलंय."

आमची लेक नववीत आहे. अम्मीजान दोन महिन्यांसाठी आमच्या बहिणीकडे गेल्या होत्या आणि जाताना गॅलरीतल्या सात कुंड्या नातीच्या हवाली करून गेल्या होत्या. मोगरा, मेहंदी, कढीपत्ता, पुदिना असा त्यांचा सगळा संसार. नात रोज पाण्याची आठवण ठेवते म्हटल्यावर आम्हाला धन्य वाटलं. स्टाफरूममध्येही आम्ही दोन-तीनदा सांगून टाकलं की मुलांना वळण लावलं तर लागतं.

एका रविवारी सहज गॅलरीत गेलो. मोगऱ्याची पानं गळून गेली होती. पुदिन्याची माती भेगाळली होती आणि पुदिना तर ओळखूही येत नव्हता. आत येऊन पाहतो तर लेक मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली. झारी हातात घेतलेलं एक छोटंसं चित्र पडद्यावर एकेका वाफ्यापाशी जाऊन मन लावून पाणी घालत होतं.

त्याच आठवड्यात घटक चाचणीचे गुण आले. गणितात २० पैकी ७. आम्ही शिकवतो उर्दू आणि मराठी. गणिताशी आमचं स्वतःचंही फारसं कधी जमलं नाही. पण शिक्षकाच्या मुलीला ७ गुण म्हणजे गावात चर्चेचा विषय. बेगम म्हणाल्या, "तिच्याशी बोलून घ्या." आम्ही बोललो नाही. रात्री ती झोपल्यावर मोबाइल घेतला आणि तो गेम काढून टाकला. एक बोट दाबून धरलं, दुसऱ्यांदा दाबलं, काम झालं. तण उपटल्यासारखं हलकं वाटलं.

सकाळी तिला कळलं. ती ओरडेल, रुसेल, जेवणार नाही, अशी आमची तयारी होती. तिने फक्त एवढंच विचारलं, "पूर्ण काढला का अब्बा?" आम्ही हो म्हणालो. थोडा वेळ ती दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "दुसरं वर्ष संपत आलं होतं. तिसरं वर्ष लागलं की दादा येणार होते." आणि शाळेत गेली.

दादा म्हणजे आमचे अब्बा. त्यांचा इंतकाल होऊन तेव्हा वर्ष झालं होतं.

दिवसभर वर्गात आमचं लक्ष लागलं नाही. संध्याकाळी बहिणीच्या मुलाला फोन केला, कारण तो गेम त्यानेच पैसे भरून तिला घेऊन दिला होता. त्याने सगळं समजावून सांगितलं. पुढचे काही दिवस आम्ही स्वतःही वाचत राहिलो. वाचकांपैकी अनेकांच्या घरी हे गेम असतील आणि आमच्यासारखंच त्यांनाही ते ठाऊक नसतील, म्हणून थोडं विस्ताराने सांगतो.

गेमचं नाव 'स्टारड्यू व्हॅली'. अमेरिकेतल्या सिएटलच्या एरिक बॅरोन नावाच्या तरुणाने तो एकट्याने तयार केला. चित्रं त्याची, संगीत त्याचं, प्रोग्रॅमही त्याचाच. या कामात त्याची चार वर्षांहून अधिक गेली आणि २०१६ मध्ये गेम बाजारात आला. त्याला हे वेड लावलं ते 'हार्वेस्ट मून' या जपानी गेमने. तो १९९६ चा. खेड्यात वाढून टोकियोत आलेल्या यासुहिरो वाडा यांनी तो घडवला. मारामारी आणि शर्यतींच्या गेमची चलती असताना बी पेरा, पाणी घाला, वाट पाहा असा गेम काढणं हे धाडसच होतं. पुढे अशा गेमची रांग लागली. 'द सिम्स ४' मध्ये तण उपटावं लागतं आणि कीड पडली तर फवारणीही करावी लागते. मार्च २०२० मध्ये, सगळं जग घरात कोंडलं जात असताना आलेल्या 'अॅनिमल क्रॉसिंग'मध्ये लोक लाल आणि पांढरी फुलं शेजारीशेजारी लावून गुलाबी फूल उमलण्याची वाट पाहत बसले.

'स्टारड्यू व्हॅली'ची गोष्ट सुरू होते ती मरणाच्या बिछान्यावरच्या एका आजोबांपासून. ते नातवंडाच्या हाती एक बंद लिफाफा देतात. पुढे मोठ्या शहरातल्या नोकरीला कंटाळलेलं ते नातवंड एक दिवस लिफाफा उघडतं. आजोबांनी आपलं शेत त्याच्या नावे केलेलं असतं. शेतात दगड, ओंडके आणि रान माजलेलं. ते साफ करायचं आणि पिकवायचं. तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या दिवशी आजोबांचा रूह येतो आणि दोन वर्षांत काय केलंस ते पाहतो. काम चांगलं झालं असेल तर एकामागून एक चार मेणबत्त्या पेटतात.

शेताला नाव आपणच द्यायचं असतं. आमच्या लेकीने इंग्रजी अक्षरांत 'दादा' असं दिलं होतं.

आमच्या अब्बांचं घर गावात होतं. घरामागे चार वाफ्यांएवढी जागा. मेथी, कोथिंबीर, वांगी, कुंपणाला दोडका. लेक लहान असताना सुट्टीत गेली की ते तिच्या मुठीत मेथीचे दाणे द्यायचे आणि म्हणायचे, "एकाच जागी टाकू नको, पसर." अब्बा गेल्यावर भावाभावांनी मिळून ते घर विकलं. सगळं राजीखुशीने झालं, कुणाचं भांडण नाही. सही करताना मुलांना विचारायचं मात्र आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

तेवढ्यात अम्मीजान परतल्या. गॅलरीत जाऊन पुदिन्याची कुंडी पाहून आल्या. आता नातीला बोलणी बसणार असं वाटलं. त्यांनी दोघांचंही ऐकून घेतलं. नातीला म्हणाल्या, "मोगरा जिवंत आहे, रोज पाणी घाल." मग आमच्याकडे वळल्या. "बिगर पूछे किसी का झाड नै उखाडते, बेटा."

पंचेचाळिशीतल्या माणसाला आईकडून एवढं पुरे होतं. त्या रात्री आम्ही लेकीच्या खोलीत जाऊन म्हणालो, "चुकलं आमचं." वर्गात चाळीस मुलांसमोर बोलणं सोपं असतं, हे दोन शब्द अवघड गेले. गेम काढला की त्यात साठवलेलंही जातं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं, असंही सांगितलं. ती म्हणाली, "ठाऊक असतं तरी काढला असता तुम्ही." खोटं नव्हतं ते.

मग आम्ही तिला नव्याने शेत सुरू करायला लावलं आणि शेजारी बसलो. सुरुवातीला गावचा मुखिया पार्सनिपच्या १५ बिया भेट देतो. पार्सनिप म्हणजे गाजराच्या कुळातला पांढरट कंद. तो ४ दिवसांत तयार होतो, बटाटा ६ दिवसांत, फ्लॉवर १२ दिवसांत. ऋतू २८ दिवसांचा असतो आणि तो बदलला की त्या ऋतूची उभी पिकं मरतात. आम्ही उत्साहाने १७ तारखेला फ्लॉवर लावू म्हणालो, तर ती हसली. "अब्बा, १६ ला लावला तर २८ ला निघतो. १७ ला लावला तर खत घातल्याशिवाय कधीच निघत नाही."

आम्ही विचारलं, मग फायद्याचं पीक कोणतं? तिने वही न घेता सांगितलं. पार्सनिपचं बी २० ला, माल जातो ३५ ला. बटाटा ५० ला घेऊन ८० ला. फ्लॉवरचं बी ८० ला, गड्डा १७५ ला. म्हणजे १२ दिवसांत एका वाफ्यातून पार्सनिप तीनदा काढून ४५ सुटतात, बटाटा दोनदा काढून ६०, आणि फ्लॉवर एकदाच काढून ९५. "पण फ्लॉवरमध्ये ८० रुपये बारा दिवस अडकून पडतात. हातात पैसे नसतील तर पार्सनिपच बरा." तिथले ते नाणे, ही रुपयेच म्हणते. २० पैकी ७ गुण मिळवलेली ती हीच मुलगी का, असा आम्हाला प्रश्न पडला.

आणखी एक गंमत सांगतो. झारी सुधारून घ्यायची तर लोहाराकडे द्यावी लागते आणि ती दोन दिवस मिळत नाही. मग पाणी कशाने घालणार? म्हणून आधी टीव्हीवर उद्याचं हवामान पाहायचं आणि पाऊस सांगितला असेल तर आदल्या दिवशी झारी लोहाराकडे टाकायची. पुढचं पाहून आजचं काम आखणं यालाच आम्ही बीएडला नियोजन म्हणून चार पानं लिहिली होती.

तिच्यासोबत बसताना आमची स्वतःची एक जुनी गोष्ट वर आली. २००९ मध्ये फेसबुकवर 'फार्मव्हिल' आलं होतं. आम्ही तेव्हा तिशीच्या आतबाहेर, नव्याने नोकरीला लागलेलो. तिथली स्ट्रॉबेरी चार तासांत तयार व्हायची आणि वेळेवर काढली नाही तर वाळून जायची. त्या स्ट्रॉबेरीसाठी आम्ही मध्यरात्रीचा गजर लावून उठलेलो आहोत. बेगमना ते अजून आठवतं. हा गेम ३१ डिसेंबर २०२० ला कायमचा बंद झाला आणि आमचं शेतही त्यात गेलं, पण तोवर आम्ही ते विसरूनही गेलो होतो.

या दोन शेतांतला फरक आईबापांनी समजून घ्यावा असा आहे. 'फार्मव्हिल'चं घड्याळ आपल्या घड्याळाबरोबर चालायचं. तुम्ही झोपलात तरी पीक वाळत असायचं, म्हणून माणूस पुन्हा पुन्हा तिकडे ओढला जायचा. 'स्टारड्यू व्हॅली' बंद केला की तिथला काळ थांबतो. तिथला अख्खा दिवस साधारण १४ मिनिटांचा. त्यामुळे आमच्या घरात आता सोपा नियम झाला आहे. आधी गॅलरीतलं पाणी, मग अभ्यास, मग शेतातले दोन दिवस, म्हणजे अर्ध्या तासाच्या आतच. तारखेवर ठरलेलं असल्याने वाद होत नाही. "दिवस संपू दे" असं ती म्हणते तेव्हा आम्ही थांबतो, कारण आता तो दिवस किती लांब असतो ते आम्हाला माहीत आहे.

गेममध्ये सगळंच आहे असंही नाही. तिथे बाजारभाव कधी कोसळत नाही. खेड्यातल्या आमच्या एका विद्यार्थ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "सर, मग ते शेत कसलं?" आणि पाणी घालायचं राहून गेलं तरी तिथलं रोप मरत नाही, त्या दिवसापुरती त्याची वाढ थांबते एवढंच. दुसऱ्या दिवशी पाणी घाला, ते राग न धरता पुढे वाढू लागतं.

मागच्या महिन्यात आम्ही रंगाच्या जुन्या डब्याला भोकं पाडून त्यात मेथी पेरली. लेकीने दाणे पसरून टाकले. चौथ्या दिवशी कोंब वर आले. अम्मीजान रोज खुर्ची ओढून तिथे बसू लागल्या. मग भाचीच्या लग्नासाठी सगळेच चार दिवस बाहेरगावी गेलो. परत आलो तेव्हा डब्यात पिवळी सुतळी पडल्यासारखं दिसत होतं. लेक बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "ही थांबली नाही, अब्बा." आम्ही नुसती मान हलवली. पुन्हा पेरली आहे. या वेळी खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे किल्ली देऊन ठेवायचं ठरलं आहे.

गणितात पुढच्या चाचणीला ११ गुण मिळाले. आम्ही ते कुठे सांगत फिरत नाही. मोगऱ्याला नवी पानं फुटली आहेत, पुदिना मात्र नवाच लावावा लागला. शेताचं नाव तिने पुन्हा तेच ठेवलं आहे. आता तिथे पहिल्या वर्षाचा हिवाळा चालू आहे. उघड्यावर फारसं काही पिकत नाही, म्हणून ती दगड आणि ओंडके हलवून जमीन मोकळी करते आहे.

वाचकहो, मुलांच्या हातातला मोबाइल कधी ना कधी काढून घ्यावा लागतो, याबद्दल आमचं दुमत नाही. काढून घेण्याआधी मात्र त्यांच्याजवळ बसा आणि म्हणा, दाखव बघू, तुझ्या शेतात काय लावलंयस. आम्ही हे एका वर्षाने उशिरा विचारलं. दादांच्या मेणबत्त्यांना अजून एक वर्ष आणि काही दिवस आहेत. त्या दिवशी आम्हालाही बोलवायचं, असं लेकीने कबूल केलं आहे.