ज्याचा फड त्याला जळू द्या

पेटलेला ऊस विझवायचाच, यावर कुणाशी वाद घालावा लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं. आता वाद घालतोय, आणि तोही उलट्या बाजूनं. माझं म्हणणं असं झालंय, की फड पेटला की त्या फडाचा नाद सोडा आणि शेजारचा वाचवा. आणि ज्याचा पेटलाय तो बांधावर हाताची घडी घालून उभा असेल, तर त्याला एका शब्दानंही बोलू नका. आमच्या पोरांच्या ग्रुपवर यावरून मला बरंच ऐकावं लागतं. 'कॉलेजला गेला अन् बिघडला' इथपर्यंत मजल गेलीय. म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो.

आधी आम्ही कोण ते सांगतो. सरकारदरबारी आम्ही कुणीच नाही. आमच्या गावात, कुरुंद्यात, पोलीस ठाणं आहे, बंब नाही. आग लागली की वसमतला फोन जातो. नगर परिषदेचा बंब येतो, पण मोठ्या रस्त्यावरून शेतात जाणारी पांदण त्याला मानवत नाही. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात चाकोऱ्या, आणि वर दोन्ही बाजूंनी आलेला ऊस. तोवर गावातली पोरंच पुढं होतात. ग्रुपवर मेसेज पडतो : कुणाचं शिवार, वारा कुठला, कुणाचा ट्रॅक्टर मोकळा आहे, कुणाकडं पाचशे लिटरची टाकी आणि एचटीपी पंप आहे. चिली देशात सगळी अग्निशमन सेवाच स्वयंसेवकांची आहे, १८५१ साली वाल्पाराइसो बंदरात तिची सुरुवात झाली, आणि जर्मनीतल्या गावोगावी लोक आपापली नोकरी सांभाळून बंबावर जातात, हे मी वाचलं तेव्हा छाती फुगली होती. नंतर लक्षात आलं, त्यांना बूट असतात, टोपी असते, प्रशिक्षण असतं, विमा असतो. आमच्याकडं ओलं गोणपाट आणि लिंबाच्या फांद्या.

आमचं हे काम सुरू झालं ते आगीनं नव्हे, पाण्यानं. जुलै २०२२ मध्ये आसना नदीला पूर आला, गावातल्या जलेश्वर नदीचं पाणी घराघरांत शिरलं. नव्या मुख्यमंत्र्यांनी जिल्हाधिकाऱ्यांना फोन केल्याची बातमी झाली, कुरुंद्याचं नाव टीव्हीवर आलं. मी नुकताच दहावी झालो होतो. त्या दिवसांत दोर धरायला, म्हाताऱ्यांना उचलायला, नंतर चिखल उपसायला जी पोरं एकत्र आली तीच पुढं आगीला धावू लागली. पूर काही रोज येत नाही. आग मात्र दिवाळीनंतर सोयाबीनच्या गंजीपासून सुरू होते ती उन्हाळा संपेपर्यंत चालते.

सध्या मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळी म्हशीचं दूध काढायचं, डेअरीवर घालायचं, मग एसटीनं वसमत. रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल दुपारी असतं आणि उसाला आग लागायची वेळही तीच. ऊन तापलेलं असतं, वारा सुटलेला असतो, तारा सैल पडून एकमेकींना घासत असतात. फोन थरथरतो आणि ब्युरेटवरची नजर हलते. आमचे सर चांगले आहेत, पण हजेरीचा आकडा त्यांच्या हातात नाही. पहिल्या वर्षी मी पळायचो. आता वसमतहून गावात पोचेपर्यंत फड जळून मोकळा झालेला असतो हे कळल्यामुळं फोनवरूनच कामाला लागतो : लाइनमनला सांगून डीओ काढून तारांची वीज बंद करायला लावायची, बंबाला कुठल्या पांदणीनं यायचं ते सांगायचं. हे काम कुणाला दिसत नाही. त्यामुळं त्याचं व्हॉट्सअॅप स्टेटसही होत नाही.

पहिल्या हंगामातला मी वेगळा होतो. जळत्या उसात शिरून विझवायला बघणारा. ज्यांनी पेटलेला ऊस कधी जवळून पाहिला नाही त्यांना सांगतो. उसाच्या कांड्यात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, त्यामुळं ऊस असा जळत नाही. जळतं ते पाचट. आणि ते इतक्या वेगानं जळतं की एकरभर फडावरून जाळ काही मिनिटांत निघून जातो. आत कांड्या तडतडतात, लांबून ऐकणाऱ्याला लग्नातली लवंगी माळ लागल्यासारखी वाटते. ससे, मुंगसं, कधी रानडुकराचं अख्खं खटलं बाहेर पडतं आणि समोर माणूस आहे की बैल ते बघत नाही. मग जाळ पुढं जातो आणि मागं काळा ऊस तसाच उभा राहतो. गावात वाळत घातलेल्या कपड्यांवर पाचटाची काळी पापुद्री पडायला लागली की बाया समजतात, कुणाचा तरी गेला.

या काळ्या उभ्या उसावर आम्ही पाणी मारायचो. का, ते विचारू नका. जाळ पुढं गेलेला, पाचट संपलेलं, आणि आम्ही टाकी रिकामी करतोय. पलीकडच्या बांधावरून ठिणगी शेजारच्या फडात पडायची तेव्हा पंपात पाणी नसायचं.

असाच एकदा टोकाईच्या गडाच्या बाजूच्या शिवारात गेलो होतो. फड मधोमध पेटला होता. मालक बांधावर बसलेले, डोक्याला रुमाल, समोर पाण्याची बाटली. आम्ही पाइप ओढायला लागलो तसे ते उठले आणि मला म्हणाले, "राहू दे बाबू. तिकडं नको मारू. त्या पल्याडच्या बांधावर थांबा तुम्ही. इकडचं जळू दे. आता तरी तोड भेटल."

मला संताप आला. आम्ही अंगावर ओलं गोणपाट घेऊन आलेलो आणि हा माणूस जळू दे म्हणतो! परतताना मी पोरांना म्हणालो, यानंच काडी लावली असणार, ठाण्यात सांगू. वर तार नव्हती, कुणी पालापाचोळा जाळत नव्हतं, आणि आग मधूनच सुरू झालेली. पोरांनाही पटलं होतं.

ज्यांना उसाची तोड मिळवणं म्हणजे काय ते ठाऊक नाही, त्यांना ते 'आता तरी' समजणार नाही. कारखान्याकडं नोंद असते, लागणीच्या तारखेप्रमाणं क्रम असतो, हे कागदावर. प्रत्यक्षात कारखान्याच्या चिटबॉयच्या मागं फिरायचं, मुकादमाला खुशाली द्यायची, ड्रायव्हरला एन्ट्री द्यायची, तोडणीची टोळी फडात उतरली की मटणाचं जेवण द्यायचं. तरी नंबर येईलच असं नाही. ऊस पंधरा-सोळा महिने उभा राहतो, तुरा येतो, आतून पोकळ पडतो, वजन उतरतं. जळीत उसाला मात्र लवकर तोड द्यावीच लागते, कारण दोन-तीन दिवसांत गाळपाला गेला नाही तर वजन आणि उतारा दोन्ही घसरतात. कारखाना दरात कपात करतो, टोळी काजळीचे जादा पैसे मागते, जनावरांना वाढं मिळत नाही, ठिबकच्या नळ्या वितळून जातात. हे सगळं वजा करूनही मे महिन्यापर्यंत उभ्या राहिलेल्या उसापेक्षा हातात चार पैसे जास्त पडतात. शेतकऱ्याला एवढा हिशेब तोंडी करता येतो.

२०२१-२२ चा हंगाम आठवा. राज्यात १,३०० लाख टनांच्या वर ऊस गाळला गेला, तरी मराठवाड्यात शिल्लक उरला. कारखाने जूनपर्यंत चालले. १ मेनंतर गाळलेल्या उसाला उतारा घटला म्हणून टनाला २०० रुपये अनुदान सरकारनं जाहीर केलं, लांबच्या वाहतुकीला वेगळं. त्याच मे महिन्यात गेवराई तालुक्यात एका शेतकऱ्यानं तोड मिळत नाही म्हणून स्वतःचा ऊस पेटवला आणि जीव दिला. तेव्हा आमचाही ऊस उभाच होता. मी दहावीची परीक्षा देऊन मोकळा, आणि वडील रोज सकाळी मोटारसायकल काढून शेतकी ऑफिसला जायचे. शेवटी ऊस गेला, किती वजनानं गेला ते जाऊ द्या. पण आम्ही काडी लावली नाही याचा मला फार अभिमान होता. बांधावरच्या त्या माणसाचा राग आला तो या अभिमानातून.

त्या आगीनंतर घरी मी हे सगळं तावातावानं सांगितलं. वडील वैरण कापत होते. म्हणाले, "आपण लावली नाही ते खालच्या अंगाला शेजाऱ्याचा कवळा ऊस होता म्हणून. नाहीतर मनात काय आलं नसंल?" एवढंच. पुन्हा यंत्र सुरू केलं. मी तिथंच उभा राहिलो. ज्याला मी आमची सचोटी समजत होतो ती शेजाऱ्याच्या आठ महिन्यांच्या उसाची काळजी निघाली. विचार करत गेलो तशी मला ती सचोटीपेक्षा मोठी वाटायला लागली.

टोकाईखालचे ते गृहस्थ तरी वेगळं काय सांगत होते? पलीकडच्या बांधावर थांबा, इतकंच ना? पाणी तिथंच मारा जिथं दुसऱ्याचं नुकसान होईल. शास्त्र विचाराल तर वन खातंही हेच करतं. उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतात, आगीला खायला काही ठेवत नाहीत. आम्हीही आता तेच करतो. पोचल्याबरोबर आधी वारा बघायचा, मग वाऱ्याच्या बाजूच्या बांधावर ट्रॅक्टरनं दोन तास नांगराचे मारायचे, कोयत्यानं कडेच्या सरीतलं पाचट ओढून काढायचं, टाकी तिथं लावायची आणि ठिणग्यांवर नजर ठेवायची. जळतोय त्या फडात कुणी उतरायचं नाही. ही सगळ्यात अवघड अट आहे, कारण विशी-बाविशीतल्या पोराला नुसतं उभं राहणं जमत नाही.

१४ एप्रिलला आमच्याकडं भीमजयंतीची मिरवणूक असते, म्हणून दुसरं काही त्या दिवशी आठवत नाही. पण देशभर तोच अग्निशमन सेवा दिन. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाला आग लागली. पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं. जहाज तिथंच बुडवायचं की बाहेर न्यायचं, याचा निर्णय वेळेत झालाच नाही. जवान पाणी मारत राहिले. चारच्या सुमारास स्फोट झाला आणि ६६ अग्निशमन कर्मचारी गेले. उसाच्या फडाची त्याच्याशी तुलना नाही. पण कॉलेजात अग्निशमन सप्ताहात हे सांगितलं गेलं तेव्हा सगळे त्यांच्या धैर्याबद्दल बोलत होते आणि मला वारंवार त्या न झालेल्या निर्णयाचंच वाटत होतं.

राहिला पंचनामा. आग लागली की तलाठी येतात, कधी पोलीस येतात, आणि आधी कोण पोचलं होतं विचारतात. तारेमुळं लागली असेल तर भरपाईसाठी महावितरणकडं अर्ज जातो, विद्युत निरीक्षकांचा अहवाल लागतो. वर तार नसेल तरी लोक शॉर्टसर्किटच सांगतात. इथं माझी अट आहे : तार नव्हती तिथं तार होती असं मी म्हणणार नाही. आणि कुणी लावली असं विचारलं तर जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते सांगणार नाही. 'कारण अज्ञात' लिहिलेल्या कागदावर मी पंच म्हणून सही केली आहे. ग्रुपमधले माझे जवळचे दोन मित्र याला पळवाट म्हणतात. असेलही. पण तोड मागणाऱ्या माणसावर गुन्हा आणि तोड न देणाऱ्यांना काहीच नाही, या हिशेबात पाणी मारणाऱ्यानं साक्षीदार व्हावं हे मला मान्य नाही.

एका बाबतीत मात्र माझं मन अजिबात बदललेलं नाही. फडाशेजारी टोळीच्या कोप्या असतात. पाचट आणि ताडपत्रीच्या, आत झोळीत लेकरू, बाहेर चूल. आईबाप पहाटेच दुसऱ्या फडावर गेलेले असतात. तिथं ज्यानं काडी लावली त्याची बाजू मी घेणार नाही, त्याचा ऊस अठरा महिने उभा असला तरी. म्हणून हंगाम सुरू झाला की आम्ही मुकादमांना गाठून कोप्या उसापासून लांब, मोकळ्या रानात टाकायला सांगतो. ते म्हणतात, पाणी लांब पडतं. मग पाण्याचं बघावं लागतं.

या रविवारी आम्ही चौघं गावाच्या वरच्या अंगाच्या शिवारात सामायिक बांधावरचं पाचट काढणार आहोत. दोन भावांची भाऊबंदकी आहे, बांध कुणाचा यावर कोर्टात तारीख पडते, त्यामुळं वर्षानुवर्षं तिथं कुणी हात लावलेला नाही. थोरल्यानं परवानगी दिली. धाकटा म्हणाला, काढा, पण माझ्या बाजूचं पाचट माझ्याच रानात टाका. ते टाकून उपयोग नाही हे त्याला पटवायचं काम माझ्याकडं दिलंय, आणि सोमवारी माझी इनऑर्गॅनिकची चाचणी आहे.