जुन्या बाजारातला शेगडा

मैत्रिणींनो, पुण्याला जायचं म्हटलं की आपल्याला आठवतो लक्ष्मी रस्ता, नाहीतर तुळशीबाग. मी मात्र मे महिन्यात एका रविवारी सकाळीच ह्यांना घेऊन मंगळवार पेठेतला जुना बाजार गाठला. बुधवारी आणि रविवारी भरणारा हा बाजार. रस्त्याकडेला ताडपत्र्या अंथरलेल्या. त्यांवर कुलपं, पितळी नळ, पाने, कानशी, रंधे, पटाशा. तेलाचा नि गंजाचा तो वास आला आणि मला एकदम माहेरची पडवी आठवली.

माझे अण्णा फिटर. पडवीतल्या बाकाला त्यांचा शेगडा घट्ट बसवलेला असे. कारखान्यात त्याला व्हाइस म्हणतात. तो काम धरून ठेवतो, आपले दोन्ही हात मोकळे! अण्णा गेले, दादानं पडवी आवरली आणि शेगडा किलोवर भंगारात गेला. ‘तुला काय हवं?’ असं वहिनीनं विचारलं होतं. मी आईची पितळी भांडी मागितली. लेकीनं शेगडा कसा मागायचा, म्हणून गप्प बसले.

तोच मिळणार नव्हता, पण तसाच एक दिसला. गंजाखाली निळ्या रंगाच्या खपल्या आणि ‘रेकॉर्ड’ ही अक्षरं. इंग्लंडमधल्या शेफील्ड या हत्यारांच्या गावचा माल!

घेताना काय पाहावं? शेगड्याचं अंग बहुधा बिडाचं असतं. बीड कडक पण ठिसूळ. घणाचा घाव बसला की तडकतं. माठ घेताना आपण टिचकी मारतो ना, तसं हातोडीनं हळूच वाजवावं. आवाज बद्द आला तर तडा शोधावा. दांडा पूर्ण फिरवून आटे झिजलेत का, तेही पाहावं. दीड हजारांवर सौदा ठरला. ‘भाजीच्या पिशवीत हे धूड?’ म्हणत ह्यांनीच उचललं.

घरी सगळे भाग सुटे केले. रंग काढलेले, गंजलेले लहान भाग रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवले, सकाळी तारेच्या ब्रशनं घासले. मग सोड्याच्या पाण्यानं धुऊन लगेच कोरडे केले आणि तेलाचा हात फिरवला. आट्यांना ग्रीस लावलं. एक मात्र सांभाळा: जुन्या रंगात शिसं असू शकतं. तो कोरडा घासून धूळ उडवू नका, मुलांना लांब ठेवा आणि स्वयंपाकाची भांडी ह्या कामाला घेऊ नका.

आता गॅलरीतल्या बाकावर शेगडा बसलाय. विळीचं पातं त्यात धरून मीच कानस मारते.

भाऊबीजेला दादा आला. बराच वेळ नुसता दांडा फिरवत उभा राहिला. म्हणाला, “अगं, मागितला असतास तर दिला नसता का?”

दिला असता. म्हणून सांगते, माहेरची आवराआवर निघाली, तर मनातलं आधी बोला. भांडी काय, बाजारात मिळतात.